मांडावरचा मान आणि मंचावरचे बक्षीस

गोव्यातल्या काणकोणच्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: आमच्या वाड्यावरच्या बायका पौषात मांडावर, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या अंगणात, धालो हा गाण्यांचा नाच खेळतात. दोनदा स्पर्धेत उतरलो, दोन्ही वेळा उत्तेजनार्थावर बोळवण झाली. परीक्षकांचा शेरा, "सादरीकरण कमी पडले." त्याच स्पर्धेत एका पथकाने आमचीच गाणी नेली, कुणाकडून तरी नाच बसवून घेतला आणि पहिले बक्षीस नेले. वाड्यावरच्या म्हाताऱ्या म्हणतात, मांडावरचे मांडावरच राहू दे, देवीला रुचणार नाही. पण मंचावर गेल्याशिवाय याला कला म्हणायला कुणी तयार नाही. मग कलेला मान्यता देतो तरी कोण? आणि आम्ही पुन्हा जावे की नाही?

एका ओळीत सांगायचे तर: जा, पण अख्खा धालो घेऊन जाऊ नका. का, ते सांगायला जरा लांब जावे लागेल. मी भजनात पेटी वाजवत वाढलो, स्पर्धांतून गायलो, आणि आता भजन, घुमट या मडक्याच्या वाद्यावरची आरती, फुगडी-धालो अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. म्हणजे तुम्हाला उत्तेजनार्थ देणाऱ्यांच्याच गोतावळ्यातला मी.

परीक्षकाच्या टेबलावरून काय दिसते ते आधी ऐका. समोर एक कागद असतो, त्यावर रकाने: स्वर, ताल, शब्दोच्चार, वेशभूषा, सांघिक परिणाम, असे काहीबाही. पथकाचे नाव नसते, नुसता क्रमांक असतो. दोन शब्द ऐकले की पेडण्याचे पथक की सासष्टीचे ते कळतेच, तो भाग सोडा. पहिल्या पथकाला कुठलाच परीक्षक सढळ हाताने गुण देत नाही, कारण पुढे काय येणार ते ठाऊक नसते. चार गुण हातचे राखूनच ठेवतो. दुपारच्या जेवणानंतर येणाऱ्या पथकाचे नशीब वेगळेच. आणि वेशभूषेचा रकाना भरायला क्षणभर पुरतो, सगळ्यांच्या लुगड्यांचा रंग एक आहे की नाही ते लगेच दिसते. गाण्यातली आर्तता कुठल्या रकान्यात घालायची? तिला रकानाच नाही. मग ती 'सांघिक परिणाम' या खात्यात कशीबशी बसवायची, बसली तर.

आता तुमचा धालो या कागदापुढे आणून उभा करा. मांडावर बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या असतात, पाठीमागून हात गुंफलेले. एक रांग वाकत पुढे येते, गाण्याची ओळ टाकते, मागे सरते. दुसरी रांग ती ओळ उचलते आणि पुढे येते. गाणे रांगेकडून रांगेकडे जाते. त्यात प्रेक्षक नावाची वस्तूच नाही. ज्या बघतात त्याही थोड्या वेळाने रांगेत शिरतात. हेच मंचावर नेले की आम्हाला काय दिसते? एका रांगेच्या पाठी. नाहीतर दोन्ही रांगा बाजूने, आणि मधली मोकळी जागा. पहिले बक्षीस नेणाऱ्या पथकाने, मला न बघताही सांगता येते, दोन्ही रांगा आमच्याकडे वळवून अर्धगोल केला असणार. दिसायला छान. पण त्या बायका आता एकमेकींना गाणे देत नाहीत, आम्हाला देतात. जिथे एकच गाणे पाव तास रेंगाळते आणि त्या रेंगाळण्यातूनच अंगात काहीतरी चढते, तिथे चार गाण्यांचे मुखडे जोडून वेळ संपल्याच्या घंटेच्या आत संपवायचे. "सादरीकरण कमी पडले" याचा खरा अर्थ एवढाच की तुमचा धालो समोरून बघण्यासाठी केलेला नव्हता. तो शेरा मनाला लावून घेऊ नका. पण परीक्षक दुष्ट होते असेही समजू नका. त्यांना जो कागद दिला तो त्यांनी भरला.

तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. गोव्यात कलेला मान्यता मिळायच्या वाटा स्पर्धा येण्याआधीही होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मोठी वाट म्हणजे मान. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, रोमट ही ढोल-ताशांची मिरवणूक निघते ती मांडावर नमन झाल्याशिवाय निघत नाही. ढोलावर पहिली काठी कुणी मारायची, गुढी कुणी धरायची, आधी कुणाच्या अंगणात जायचे, हे सगळे ठरलेले असते. त्यात उलटसुलट झाले तर भांडणे कोर्टापर्यंत जातात. हा मान घराण्याचा असतो, हाताचा नव्हे. पहिली काठी मारणारा वादक म्हणून यथातथा असला तरी चालते, नंतर खरा वाजवणारा ढोल गळ्यात घेतोच. गावाला दोघेही ठाऊक असतात. एकाला मान, दुसऱ्याला नाव.

नाव कसे होते याचे उत्तम ठिकाण म्हणजे वास्कोचा श्री दामोदराचा सप्ताह. प्लेगच्या साथीची आठवण सांगणारा, शतकाहून जुना हा उत्सव नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. देवापुढे श्रीफळ ठेवले की चोवीस तास भजन अखंड चालते, आणि रात्री वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे गाणाऱ्यांचे जथे, वाजतगाजत देवळाकडे येतात. तिथे रकाने नाहीत, घंटा नाही. पण एखादा कोवळा मुलगा पहाटेच्या साखळीत, म्हणजे भजनाच्या पाळीत, बसून अभंग उचलतो आणि शेजारचा मुरलेला पखवाजी मान न वळवता ठेका किंचित घट्ट करतो, तेव्हा त्या मुलाचे काय ते ठरून जाते. पुढच्या वर्षी त्याला निरोप जातो. बक्षिसाचा चषक कपाटात राहतो, असला निरोप तालुकाभर फिरतो.

इथवर वाचून वाटेल की मी गावाच्या बाजूने बोलतो आहे. तसे नाही. मान मिळायला त्या घरात जन्मावे लागते, आणि गोव्याच्या संगीताचा इतिहास पाहिला तर ज्यांनी गोव्याचे नाव केले त्यांतल्या कितीतरी जणांना गावाने तो कधी दिला नाही. देवळांत पालखीपुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या बायका देवस्थानच्या सेवेकरी होत्या, महाजन म्हणजे देवस्थानचे हक्कदार नव्हेत. त्यांचे गाणे म्हणजे कामाचा भाग. समईत तेल घालण्यासारखे ते वेळेवर झाले पाहिजे, एवढीच अपेक्षा. केसरबाई केरकर १८९२ साली फोंडा तालुक्यातल्या केरीत जन्मल्या. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली कुर्डीत. दोघीही जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, दोघींनीही मुंबईत नाव काढले. केसरबाईंना 'सूरश्री' ही पदवी मिळाली ती कलकत्त्यात, फोंड्यात नव्हे. १९६९ मध्ये पद्मभूषण. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. मोगूबाईंना पद्मभूषण १९७४ मध्ये मिळाले, आणि त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. आज पणजीत केसरबाईंच्या नावाने दरवर्षी संगीत समारोह होतो, केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे. ज्या गाण्याला गावात सेवा म्हणत, त्याला कला म्हणायला मुंबई-कलकत्ता लागली. गावाचा मान हीच खरी पावती, असे कुणी छाती पुढे काढून सांगू लागला की मला हे आठवते.

त्या दोघींनी स्पर्धा जिंकल्या नव्हत्या, हे खरे. त्यांना उस्ताद आणि बाहेरचे जाणकार श्रोते मिळाले. पण सामान्य गाणाऱ्या बाईला हे दोन्ही कुठून मिळणार? माझ्या लहानपणी भजन म्हणजे पुरुषांचे. बायका माजघरातून ऐकायच्या. फार तर ओव्या, आरत्या, फुगडीची गाणी. कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली, पुढे भजनी स्पर्धांत महिलांचा आणि मुलांचा असे वेगळे गट आले, आणि मी डोळ्यांनी पाहिलेला बदल सांगतो: स्पर्धेत नाव घालायचे म्हणून तालमी सुरू झाल्या, तालमीसाठी पखवाज वाजवणारी हवी म्हणून मुली पखवाज शिकल्या. देवळात बसायला कुणी बोलावले नसते, स्पर्धेला बोलावणे लागत नाही, अर्ज भरला की झाले. बक्षीस घेऊन आल्यावर मात्र त्याच देवळाने त्यांना सप्ताहात वेळ दिला. स्पर्धेची ही बाजू मान मिरवणाऱ्यांना दिसत नाही, कारण त्यांना अर्ज भरायची पाळीच आली नाही.

म्हणून माझा हिशोब असा: मान आधीच असलेल्यांना स्पर्धा फारसे काही देत नाही. ज्यांना नाही, त्यांना दार उघडून देते. तुमचा वाडा यांतल्या कुठल्या बाजूचा, हे तुम्हालाच ठाऊक.

चित्रकलेतही हेच दिसते, फक्त तिथे श्रद्धा आडवी आली. सांग्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद, जन्म १८७०, यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९२० मध्ये मिळाले. ते मोठे चित्रकार होते यात शंका नाही. पण ते ज्या पाश्चात्त्य धर्तीच्या वास्तववादी शैलीत रंगवत, ती शैली पारखायची नजर तिथल्या परीक्षकांना होती, हेही तितकेच खरे. सांतइस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका १९०२ चे. मुंबईत शिकायला गेले, तिथून शांतिनिकेतनला, आणि मरीयामातेला लुगडे नेसवून तिला इथल्या मातीतली बाई म्हणून रंगवू लागले. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाला ते मानवले नाही. देवाची आई युरोपी मूर्तीसारखी दिसली पाहिजे, ही सवय इतकी मुरलेली की चित्र चांगले की वाईट हा प्रश्नच आला नाही. फोन्सेका पुण्याला एका ख्रिस्ती आश्रमात राहिले, तिथेच काम केले, १९६७ मध्ये वारले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे आणि लोक मुद्दाम बघायला जातात. चित्रे तीच आहेत. बघणाऱ्यांची श्रद्धा थोडी सैल झाली, एवढेच.

तेव्हा तुमच्या म्हाताऱ्यांचे "देवीला रुचणार नाही" हे हसण्यावारी नेऊ नका, आणि शेवटचा शब्द म्हणूनही घेऊ नका. श्रद्धा कधी कला राखते, कधी अडवते. धालोच्या शेवटच्या रात्री रंभा अंगात येते, मांड शिंपला जातो. ते मंचावर करून दाखवायचे म्हणजे खोटे घुमायचे. एका स्पर्धेत असे 'अंगात आलेले' मी पाहिले. मुलीने केस मोकळे सोडले, डोळे फिरवले, नेमके घंटेच्या आधी शांत झाली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाई, स्वतः धालोच्या मांडावरच्या, त्यांनी पेन खाली ठेवले आणि त्या पथकाचा कागद बराच वेळ कोराच राहिला. तुमच्या म्हाताऱ्यांना याचीच धास्ती असणार. साळ गावी शिगम्यात गडे पडतात, म्हणजे पुरुषांच्या अंगात येते, ते कुणी स्पर्धेत आणत नाही, आणणारही नाही. लोकांना कुठे थांबायचे ते तिथे कळते. धालोच्या बाबतीत ही रेघ अजून कुणी नीट ओढलेली नाही, म्हणून ती तुम्हालाच ओढावी लागेल.

स्पर्धा आली की वस्तू बदलते, हे गृहीत धरा. माटोळीचे बघा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची, तिला असोले नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, तोरिंगण, चिबूड, रानातली लालभडक कवंडळे बांधायची. पावसाळ्यात आपल्या भोवती जे उगवते ते देवाला दाखवायचे, इतका साधा भाव. कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा सुरू झाली आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. एकीकडे शहरातली पोरे आजोबांना विचारून रानात जाऊ लागली, झाडांची नावे शिकली, पाट्या लिहू लागली. स्पर्धा नसती तर ही नावे आजोबांबरोबरच गेली असती. दुसरीकडे जिन्नस किती, यावर डोळा गेला. कुणाकडे नाही ते फळ आपल्याकडे हवे म्हणून लांबच्या रानातून ते आणायचे, मग ते तिथे उरो न उरो. आणि फळे बांधता बांधता त्यांचे मोर, देवळे, देखावे होऊ लागले. बघायला गर्दी होते. पण ज्या घरात पाच नारळ, एक घड आणि हाताला लागली तेवढी कवंडळे आहेत, त्या घरच्या आजीला आपली माटोळी 'साधी' वाटू लागली, हे मला खटकते. दिवाळीच्या नरकासुराचे तर बोलूच नका. पहाटे जाळायचा राक्षस बक्षिसामुळे इतका मोठा झाला की कृष्ण शोधावा लागतो.

शिगम्याच्या मिरवणुकांतही तेच. गावचा शिगमो कुठे पौर्णिमेआधी, कुठे पौर्णिमेनंतर, ज्याच्या त्याच्या रिवाजाने होतो. शहरातली मिरवणूक सरकारी वेळापत्रकाने. पथक परीक्षकांच्या मांडवापुढे आले की अंगात वारे शिरल्यासारखे वाजवते आणि पुढच्या चौकात गेले की ढोल खांद्यावर टाकून पाणी पिते. रस्त्याच्या त्या टोकाला पोर कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला रोमट म्हणजे थकलेली माणसे चालत जाताना दिसतात.

कायद्यानेही मान्यता घडते, हे एका ओळीत सांगून पुढे जातो. घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली २०१९ मध्ये. पण त्याआधीच, घुमटावर जे चढवत त्या घोरपडीच्या कातड्यावर बंदी आली होती, म्हणून ते वाद्य वाजवायचे तर चोरी केल्यासारखे वाटायचे. बकऱ्याचे कातडे चढवून ते राजरोस झाले. डाव्या हाताने मडक्याचे लहान तोंड झाकत-उघडत उजव्याने थाप मारली की पूर्वी जो खोल हुंकार निघायचा तो थोडा उथळ झाला आहे, असे जुने वाजवणारे म्हणतात, आणि माझा कान त्यांच्याशी सहमत आहे. तरी चवथीत घुमट आरतीची इतकी पथके पूर्वी मी कधी पाहिली नव्हती. थोडा हुंकार गेला, वाजवणारे हात वाढले. हा सौदा मला मान्य आहे.

आता तुम्ही काय करावे.

धालोची आरंभीची नमने आणि शेवटची रात्र, ही मांडावरच ठेवा. मधली घरगुती, थट्टेची, सासर-माहेरची गाणी न्या. म्हाताऱ्यांना "नेऊ का?" असे विचारू नका, "यांतली कुठली नेऊ?" असे विचारा, उत्तर वेगळे येते. रांगा प्रेक्षकांकडे वळवू नका. त्यापेक्षा मंचावर तिरप्या उभ्या करा, म्हणजे पुढची रांग मागचीला झाकणार नाही आणि दोघी एकमेकींकडेच बघत राहतील. थोडी तालीम लागेल, पण नाच बसवणारा आणायची गरज नाही. गाणी चार नको, दोनच घ्या, आणि एक तरी पुरते रेंगाळू द्या. एक पानभर माहिती लिहून आयोजकांमार्फत परीक्षकांकडे द्या: मांड कुठला, किती रात्री चालतो, ही गाणी कोण कुणाला म्हणते, काय मुद्दाम आणलेले नाही आणि का. हे पान वाचल्यावर माझा कागद भरायचा हात बदलतो, हे अनुभवाने सांगतो. सगळ्यांचा बदलेल असे नाही.

आयोजकांकडे एक मागणीही करा, नुसत्या तुम्ही नव्हे, चार वाड्यांनी मिळून: धालो-फुगडीचे गट मंचाऐवजी अंगणात घ्या, परीक्षक दोन्ही बाजूंना बसवा. खर्च काही वाढत नाही, उलट ध्वनिक्षेपकाचा कमी होतो. लगेच होणार नाही. अर्ज मात्र लेखी द्या, पोच घ्या.

आणि ज्या पथकाने तुमची गाणी नेली म्हणता, त्यांच्याशी भांडू नका. धालोची गाणी कुणा एकीची नसतात, त्यांच्याही आज्यांकडे ती असतील. तुमच्याकडच्या ओळी मात्र यंदाच म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घ्या. मोबाइलवर मुद्रण करा, पण वहीतही लिहा, गाणाऱ्या बाईचे नाव आणि वाडा त्याच पानावर. दोन म्हाताऱ्या एकच गाणे वेगळे सांगतील, दोन्ही लिहा.

बैठक पौष लागायच्या आधी घ्या, मार्गशीर्षातल्या एखाद्या गुरुवारी बायका तशाही जमतात. तिथे म्हाताऱ्यांनी एकही गाणे न्यायला नको म्हटले तर ऐका, आणि पुढच्या खेपेला फुगडीच्या गटात नाव घाला. फुगडीला मांड लागत नाही, देवीची आडकाठी नाही, आणि गोल फिरत असल्यामुळे परीक्षक कुठेही बसला तरी त्याला सगळ्यांची तोंडे दिसतात.